शिंपला उभा कसा राहतो

समुद्रावरून सुचलेल्या इमारतींची आज जगभर रेलचेल आहे. लाटेसारखे वळत जाणारे दर्शनी भाग, शिंपल्यासारखी उघडणारी छते, प्रवाळासारख्या जाळ्या आणि जेलीफिशसारखे लोंबणारे दिवे विमानतळांपासून उपाहारगृहांपर्यंत सर्वत्र दिसतात, आणि संगणकाच्या साहाय्याने कोणताही वक्र काढणे सोपे झाल्यापासून त्यांचे प्रमाण वाढतच गेले आहे. वरवर पाहता हे सारे आकार एकाच जातीचे वाटतात; परंतु ते उभे कसे राहतात, त्यांना सिमेंट आणि पोलाद किती लागते, आणि ज्या जीवावरून ते घेतले त्याच्या शरीरात त्या आकाराला काय काम असते, असे प्रश्न विचारले की त्यांच्यातील फरक स्पष्ट होऊ लागतो. काही वास्तूंनी समुद्राचे रूप घेतले आहे आणि काहींनी त्याची बांधणीची रीत घेतली आहे. यांपैकी दुसरा मार्ग अधिक कष्टाचा, पण वास्तुकलेला खऱ्या अर्थाने समृद्ध करणारा आहे.

समुद्री रूपांच्या या ओढीचा आधुनिक इतिहास एका जहाजापासून सुरू होतो. १८७२ ते १८७६ या काळात ‘चॅलेंजर’ या ब्रिटिश जहाजाने महासागरांची शास्त्रीय पाहणी केली, आणि तिच्यात गोळा झालेल्या नमुन्यांत रेडिओलेरिया या एकपेशीय जीवांचे असंख्य सांगाडे मिळाले. सूक्ष्मदर्शकाखालीच दिसणारे हे जीव समुद्राच्या पाण्यातील सिलिका, म्हणजे ज्यापासून काच बनते तो पदार्थ, शोषून घेऊन जाळीदार गोल, घंटा आणि काटेरी चक्रे अशा रूपांचे सांगाडे रचतात. जर्मनीतील येना येथील प्राणिशास्त्रज्ञ एर्न्स्ट हेकेल यांनी त्यांच्यावर अनेक वर्षे काम करून १८८७ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला आणि त्यात साडेतीन हजारांच्या आसपास नव्या जाती नोंदवल्या. पुढे १८९९ ते १९०४ या काळात त्यांनी निसर्गातील कलारूपांची शंभर चित्रे क्रमाक्रमाने प्रकाशित केली, आणि ही चित्रे प्रयोगशाळेबाहेर पडून शिल्पकार, काचकाम करणारे आणि वास्तुकार यांच्या हाती गेली. पॅरिसच्या १९०० सालच्या जागतिक प्रदर्शनासाठी रने बिने या वास्तुकाराने उभारलेले भव्य प्रवेशद्वार रेडिओलेरियाच्या सांगाड्यावरून घेतलेले होते, आणि त्याने हे ऋण हेकेल यांना पत्राने कळवलेही होते. मोनॅकोच्या १९१० साली उघडलेल्या सागरविज्ञान संग्रहालयात जेलीफिशच्या आकाराचे झुंबर लावण्यात आले, तेही याच प्रभावातून. बिनेच्या प्रवेशद्वारात मात्र रेडिओलेरियाची नक्षी होती, रेडिओलेरियाची ताकद नव्हती. भार पेलण्याचे काम धातूचा सांगाडा करीत होता आणि समुद्राचे रूप त्यावर चढवलेले होते. प्रदर्शन संपल्यावर ते पाडण्यात आले.

शोभेसाठी समुद्राकडे पाहणे हे कमी प्रतीचे आहे असे मात्र मानण्याचे कारण नाही, आणि याचा उत्तम पुरावा मुंबईतच आहे. बॅक बे येथे समुद्रात भराव घालून मिळवलेल्या जमिनीवर १९३० आणि १९४० च्या दशकांत मरीन ड्राइव्ह आणि ओव्हल मैदानाच्या पश्चिमेची इमारतींची रांग उभी राहिली, ती आर्ट डेको या शैलीत. त्या काळी युरोपला जाण्याचा मार्ग म्हणजे आगबोट, आणि वेग, स्वच्छता, मोकळी हवा या साऱ्या आधुनिक गोष्टींचे प्रतीकही आगबोटच होती. त्यामुळे या इमारतींना जहाजाच्या केबिनला असतात तशा गोल खिडक्या, डेकवर असतात तसे आडव्या नळ्यांचे कठडे, गोलाई दिलेले कोपरे आणि लोखंडी फाटकांवर लाटांची नक्षी मिळाली. गजानन म्हात्रे यांच्यासारख्या मराठी वास्तुकारांचा या घडणीत मोठा वाटा होता. खिडक्यांवरून सलग फिरणारे छज्जे पाऊस आणि पश्चिमेचे ऊन अडवत होते, खोल सज्जे वारा आत घेत होते, आणि जहाजाची आठवण या सोयींवर सहज बसत होती. येथे समुद्राचे रूप शोभा म्हणूनच आले, पण ते एका शहराच्या जगण्यातून आले, आणि म्हणून आजही खोटे वाटत नाही. व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको अशा एकूण ९४ इमारतींच्या समूहाचा भाग म्हणून या इमारती २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाल्या.

आता बांधणीच्या रीतीकडे वळता येईल, आणि त्यासाठी शिंपल्याचे कवच बळकट का असते हे आधी समजून घ्यावे लागते. सपाट स्लॅबवर भार आला की तो वाकू पाहतो. त्याच्या वरच्या थरावर दाब येतो, खालच्या थरावर ताण येतो, आणि मधला बराचसा भाग फारसे काम न करता केवळ वजन वाढवतो. म्हणूनच मोठ्या अंतरावरचा सपाट स्लॅब जाड करावा लागतो किंवा त्याखाली तुळया द्याव्या लागतात. हातात धरलेला कागद खाली लोंबतो, पण त्याच कागदाला किंचित वळवून धरले की तो ताठ राहतो. वक्रतेचे सामर्थ्य असे सहज अनुभवता येते. हे वळण एकाच दिशेने असेल तर कागद पुन्हा सपाट करता येतो. मात्र जो पृष्ठभाग एकाच वेळी दोन दिशांनी वळलेला असतो तो फाडल्याशिवाय किंवा ताणल्याशिवाय सपाट होऊच शकत नाही, आणि या दुहेरी वक्रतेमुळे त्याच्यावर आलेला भार वाकवण्याऐवजी पृष्ठभागाच्या अंगातूनच दाब आणि ताण यांच्या रूपाने कडेपर्यंत वाहून नेला जातो. कवचाची पूर्ण जाडी कामाला लागते, म्हणून ते पातळ असूनही टिकते. शिंपल्याच्या बाबतीत याला द्रव्याची जोड मिळते: आतला चकाकता थर, ज्याला मुक्तास्तर म्हणता येईल, कॅल्शियम कार्बोनेटच्या अतिसूक्ष्म चकत्या एकावर एक रचून आणि त्यांच्यामध्ये प्रथिनांचे पातळ थर ठेवून तयार झालेला असतो. एका चकतीत पडलेली भेग पुढच्या चकतीत सरळ शिरू शकत नाही, तिला वळसे घेत जावे लागते आणि त्यातच तिचा जोर संपतो. ठिसूळ चुन्याच्या द्रव्यातून असे चिवट कवच घडते, ते या रचनेमुळे.

पातळ कवच-छतांच्या कलेत फेलिक्स कँडेला यांचे नाव सर्वांत आधी घ्यावे लागते. १९१० मध्ये माद्रिद येथे जन्मलेले कँडेला स्पेनच्या यादवी युद्धात पराभूत बाजूने लढले, १९३९ मध्ये निर्वासित म्हणून मेक्सिकोत गेले, आणि तेथे १९५० मध्ये कवच-छते बांधणारी कंपनी काढून आरेखन, गणित आणि ठेकेदारी ही तिन्ही कामे स्वतः सांभाळू लागले. त्यांनी निवडलेला आकार हायपरबोलिक पॅराबोलॉइड या नावाने ओळखला जातो. घोड्याच्या खोगिराप्रमाणे तो एका दिशेने वर आणि दुसऱ्या दिशेने खाली वळतो. या पृष्ठभागाचा विलक्षण गुण असा की तो दुहेरी वक्र असूनही केवळ सरळ रेषांनी बनवता येतो. बांधकामात याचा अर्थ फार मोठा होतो, कारण काँक्रीट ओतण्यासाठी जे सेंट्रिंग करावे लागते ते वाकवलेल्या लाकडाचे करायची गरज राहत नाही. साध्या सरळ फळ्या थोड्या थोड्या तिरक्या लावत गेले की वक्र आपोआप तयार होतो. मेक्सिको विद्यापीठात वैश्विक किरणांच्या अभ्यासासाठी १९५१ मध्ये कँडेला यांनी बांधलेल्या छोट्या मंडपाचे छत माथ्यावर अवघे दीड सेंटिमीटर जाड आहे, कारण किरण आत पोहोचण्यासाठी ते पातळ असणे ही वैज्ञानिकांचीच अट होती.

मेक्सिको शहराजवळच्या सोचिमिल्को या कालव्यांच्या भागात १९५८ मध्ये पूर्ण झालेले ‘लोस मानान्तियालेस’ हे उपाहारगृह हा या पद्धतीचा कळस आहे. आठ पाकळ्यांचे त्याचे छत उघडलेल्या शिंपल्यासारखे जमिनीवर टेकते, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सुमारे ४२ मीटर पसरते, आणि त्याची जाडी सर्वसाधारणपणे ४ सेंटिमीटर आहे. दोन पाकळ्या जेथे मिळतात तेथील वळ्यांमध्ये सळ्या घालून काँक्रीट जाड केलेले आहे, त्यामुळे सारा भार त्या वाटेने पायाकडे जातो आणि बाहेरच्या कडांना आधाराची पट्टी द्यावी लागत नाही. छताची खरी जाडी त्या मोकळ्या कडेवर कोणालाही पाहता येते. खालची जमीन जुन्या तळ्याची, मऊ आणि खचणारी असल्यामुळे एवढे हलके छत ही तेथे सौंदर्याइतकीच गरजेची बाब होती. कँडेला यांनी कोणत्याही शिंपल्याची नक्कल केली नाही. ज्या कारणाने शिंपला पातळ राहू शकतो ते कारण त्यांनी गणितातून शोधले, आणि आकार त्या मागोमाग आला. स्पेनमधील व्हॅलेन्सिया येथील ओशनोग्राफिक या मोठ्या मत्स्यालयासाठी त्यांनी आयुष्याच्या अखेरीस पुन्हा याच पाकळ्यांची योजना केली. त्यांचे निधन १९९७ मध्ये झाले आणि मत्स्यालय २००३ मध्ये उघडले.

सिडनीच्या ऑपेरा हाउसची कथा याच काळातली, पण उलट्या दिशेने गेलेली आहे. डेन्मार्कचे वास्तुकार यॉर्न उत्झोन यांचे वडील जहाजांचे आरेखन करीत असत आणि त्यांचे बालपण गोदीच्या परिसरात गेले होते. बंदरात पुढे आलेल्या बेनेलाँग पॉइंटसाठी जाहीर झालेल्या स्पर्धेत २३३ प्रवेशिका आल्या, आणि जानेवारी १९५७ मध्ये उत्झोन यांच्या आराखड्याची निवड झाली. वाऱ्याने फुगलेल्या शिडांचा किंवा एकात एक ठेवलेल्या शिंपल्यांचा भास देणारी ती चित्रे मोहक होती. मात्र त्या वक्रांना कोणतीही निश्चित भूमिती नव्हती, ते हाताने काढलेले होते. १९५९ मध्ये काम सुरू झाले तेव्हा छत कसे बांधायचे हे ठरलेले नव्हते, आणि ओव्ह अरुप यांच्या कंपनीतील अभियंत्यांनी अन्वस्त, लंबगोल असे एकामागून एक सुमारे डझनभर पर्याय तपासले. प्रत्येक पर्यायात एकच अडचण येत होती: प्रत्येक फासळीचा वक्र वेगळा, म्हणून प्रत्येकीसाठी साचाही वेगळा, आणि असा खर्च कोणालाही परवडणारा नव्हता.

तोडगा १९६१ मध्ये निघाला. सर्व शिंपले एकाच गोलाच्या पृष्ठभागातून कापलेले तुकडे असतील असे ठरवण्यात आले, आणि त्या गोलाची त्रिज्या सुमारे ७५ मीटर धरण्यात आली. गोलाची वक्रता सर्वत्र सारखी असते, त्यामुळे लहानमोठ्या सर्व फासळ्यांचे तुकडे मोजक्याच साच्यांत पुन्हा पुन्हा ओतता येऊ लागले, ते जागेवर नेऊन एकमेकांना जोडता आणि आतून ताणलेल्या तारांनी आवळता येऊ लागले, आणि स्वीडनहून आलेल्या दहा लाखांहून अधिक फरशाही ठरावीक मापाच्या झाल्या. या निर्णयाची किंमतही होती. मूळ चित्रातील पसरट, हलके वक्र जाऊन छत अधिक उभे झाले, आणि ते स्थापत्यशास्त्राच्या अर्थाने कवच राहिले नाही. लोक आजही त्यांना शिंपले म्हणतात, परंतु आतून ती जड काँक्रीटच्या फासळ्यांची, जवळजवळ गॉथिक चर्चच्या कमानींच्या जातीची रचना आहे. या छताच्या वाढलेल्या वजनासाठी आधीच बांधलेले खालचे खांब मोडून पुन्हा मजबूत करावे लागले. सरकारशी मतभेद होऊन उत्झोन यांनी १९६६ मध्ये राजीनामा दिला, इमारत १९७३ मध्ये उघडली, आणि मूळ ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा अंदाज १० कोटी २० लाखांवर गेला. यातील बहुतेक रक्कम सरकारी लॉटरीतून उभी राहिली. कँडेला यांनी पुढे या प्रकल्पावर कठोर टीका केली, आणि अभियंता म्हणून तिच्यात तथ्य होते. तरीही सिडनीचे छत ही विसाव्या शतकातील एक थोर निर्मिती आहे यात शंका नाही, आणि तिचे थोरपण ज्या क्षणी पक्के झाले तो क्षण चित्र काढण्याचा नव्हता, गोल सापडण्याचा होता. उत्झोन यांना २००३ मध्ये प्रिट्झकर पारितोषिक मिळाले. पूर्ण झालेली वास्तू पाहण्यासाठी ते कधी परत गेले नाहीत.

भूमितीचा उल्लेख आला की सजावटीच्या जगात लोकप्रिय असलेल्या एका समजुतीचा विचार करणे आवश्यक ठरते. नॉटिलस या शंखधारी प्राण्याचे वेटोळे सुवर्ण गुणोत्तरानुसार वाढते, असे अंतर्गत सजावटीच्या पुस्तकांत आणि जाहिरातींत सर्रास सांगितले जाते आणि त्या आधारावर जिन्यांपासून दिव्यांपर्यंत वस्तू विकल्या जातात. नॉटिलसचे वेटोळे हे लघुगणकीय सर्पिल आहे, म्हणजे प्रत्येक फेऱ्यात ते ठरावीक पटीने मोठे होते, एवढे बरोबर आहे. परंतु सुवर्ण सर्पिल एका पूर्ण फेऱ्यात सुमारे ६.८५ पट वाढते, तर नॉटिलस साधारण तिप्पट वाढतो. प्राण्याला कोणत्याही पवित्र संख्येची गरज नसते. कवच केवळ तोंडाच्या कडेवरच वाढवता येते आणि वाढतानाही त्याचा आकार तोच ठेवायचा असतो, या दोन अटींतून सर्पिल निघते. डार्सी टॉम्सन या स्कॉटिश शास्त्रज्ञाने १९१७ मध्ये वाढ आणि आकार यांवरच्या आपल्या ग्रंथात हे विवेचन विस्ताराने केले होते, आणि वास्तुकारांनी त्या ग्रंथातून घ्यायचे ते हेच: आकारामागची अट शोधावी. जुळणारी संख्या सापडली की शोध संपला असे समजणे ही या क्षेत्रातली सर्वांत मोठी फसगत आहे.

समुद्रातून शिकताना दुसरी सावधगिरी प्रमाणाची घ्यावी लागते. एखादी वस्तू लांबी, रुंदी आणि उंची यांत दहापट केली तर तिचे वजन हजारपट होते, पण भार पेलणारे तिचे छेद शंभरपटच वाढतात; म्हणून बोटभर जीवाला शोभणारी रचना इमारतीएवढी केली की स्वतःच्याच भाराने कोसळू शकते. शिवाय पाण्यात उत्प्लावक बल वजनाचा मोठा भाग उचलून धरते, तर हवेत उभ्या इमारतीला तो आधार नसतो. म्हणून समुद्री जीवाचा सबंध देह उचलण्यापेक्षा त्याच्या रचनेतला एखादाच नियम वेगळा काढून तपासणे अधिक फलदायी ठरते. खोल समुद्रात राहणारा आणि व्हीनसची फुलपरडी या नावाने ओळखला जाणारा काचस्पंज याचे सुंदर उदाहरण आहे. त्याचा नळीसारखा सांगाडा काचेच्या तंतूंचा असून त्याची जाळी चौकोनी आहे. नुसती चौकोनी जाळी बाजूने ढकलली की तिरपी होऊन कोसळते, म्हणून पूल बांधताना चौकोनांत तिरके दांडे घालतात. स्पंजात मात्र हे तिरके दांडे एकेकटे नसून जोडीजोडीने आणि एकाआड एक चौकोन सोडून गेलेले असतात. हार्वर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दाखवले की तेवढेच द्रव्य वापरून ही मांडणी नेहमीच्या तिरक्या दांड्यांच्या जाळीपेक्षा २० टक्क्यांहून अधिक भार सोसते. वास्तुकार नॉर्मन फॉस्टर यांच्या लंडनमधील काकडीच्या आकाराच्या मनोऱ्याचा संबंध अनेकदा याच स्पंजाशी जोडला जातो. तो मनोरा २००४ मध्ये उघडला, म्हणजे या अभ्यासाच्या कितीतरी आधी, आणि त्याच्या गोलाईला वारा आणि खेळती हवा ही स्वतःची कारणे आहेत. दोन जाळ्या सारख्या दिसल्या की एकीचा उगम दुसरीत शोधण्याची घाई करू नये.

एक नियम वेगळा काढण्याचे काम अलीकडे सर्वांत निष्ठेने झाले ते जर्मनीतील श्टुटगार्ट विद्यापीठात. याच विद्यापीठात वास्तुकार फ्राय ओटो यांनी १९६४ पासून हलक्या रचनांच्या संस्थेत साबणाचे पडदे आणि सूक्ष्म सागरी सांगाडे यांचा जीवशास्त्रज्ञांबरोबर अभ्यास केला होता. त्यांच्या पुढच्या पिढीने सँड डॉलर हा चपटा सी-अर्चिन घेतला. त्याचे कवच एकसंध नसून अनेक चकत्यांचे असते, चकत्यांच्या कडांना बोटांसारखे दाते असतात जे एकमेकांत बसतात, आणि कोणत्याही बिंदूशी तीनच चकत्या भेटतात. अशा मांडणीत सांधा वाकवणारा जोर पुढे न पाठवताही कवच ताठ राहते, आणि त्यामुळे खिळे किंवा जाड सांधे यांची गरज कमी होते. २०११ मध्ये विद्यार्थ्यांनी या नियमावर अवघ्या साडेसहा मिलिमीटर जाडीच्या प्लायवूडचा मंडप उभारला, आणि २०१४ मध्ये श्वेबिश ग्म्युंड या गावी बीच वृक्षाच्या पाच सेंटिमीटर जाड प्लायवूडच्या २४३ तुकड्यांचे कायमचे सभागृह उभे राहिले, ज्याचे दाते यंत्रमानवाने कापले. या सभागृहाकडे पाहून कोणाला समुद्राची आठवण येईलच असे नाही, आणि तेच त्याचे वैशिष्ट्य आहे. दक्षिण कोरियातील येओसू येथील २०१२ च्या प्रदर्शनाचा समुद्रमंडप याच्या उलट होता: त्याच्या दर्शनी भागावरचे उघडमीट करणारी लवचीक पाती माशाच्या कल्ल्यांसारखी भासत, पण पाती वाकवण्याची ही युक्ती ज्या संशोधनातून आली त्याचा विषय एक फूल होते.

आकार आणि रीत यांच्यापलीकडे समुद्राने वास्तुकलेला द्रव्यही दिले आहे, आणि गोव्यातील जुन्या घरांच्या खिडक्या ही त्याची हृद्य साक्ष आहे. चपट्या, पारभासी अशा एका जातीच्या शिंपल्याच्या कडा कापून त्याचे लहान चौकोनी तुकडे करीत आणि ते लाकडी पट्ट्यांच्या खाचांत सरकवून खिडक्यांची झडपे तयार करीत. काच महाग आणि दुर्मिळ होती तेव्हा या शिंपल्यांनी खोलीत पुरेसा उजेड आणला, रस्त्यावरून आत दिसू दिले नाही, आणि दुपारचे ऊन मोत्यासारखे मऊ करून सोडले. फिलिपिन्समध्येही हाच शिंपला खिडक्यांसाठी वापरला जातो. शिंपले भाजून केलेला चुना कोकण आणि गोव्याच्या किनारी भागांत भिंतींच्या बांधणीसाठी आणि गिलाव्यासाठी वापरात होता. भारतात या शिंपल्याला वन्यजीव कायद्याने संरक्षण मिळाले, त्यामुळे जुन्या झडपांची दुरुस्ती हा आता केवळ कारागिराचा प्रश्न राहिलेला नाही. अशा घरांचे नूतनीकरण करताना शिंपले काढून त्या जागी पारदर्शक काच बसवणाऱ्यांनी एक खिडकीच नव्हे, तर त्या खोलीतला उजेडच बदललेला असतो.

समुद्राचे देणे सांगताना त्याचे घेणेही सांगावे लागते. किनाऱ्यावरच्या हवेतील मिठाचे कण काँक्रीटच्या सूक्ष्म छिद्रांतून आत झिरपतात, आणि त्यातील क्लोराइड सळईपर्यंत पोहोचले की काँक्रीटच्या क्षारधर्मी द्रव्यामुळे सळईवर तयार झालेले संरक्षक आवरण मोडते. गंज लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो, त्यामुळे तो आतून काँक्रीटला ढकलतो, भेगा पडतात, पोपडे सुटतात, आणि भेगांतून आणखी खारी हवा आत शिरते. मुंबईच्या समुद्रकाठच्या इमारतींत राहणाऱ्यांना सज्ज्याच्या खालून दिसू लागणाऱ्या गंजलेल्या सळ्या परिचित आहेत. लाटेसारखे वळणारे पातळ सज्जे आणि कडा यांत सळईवरचे काँक्रीटचे आवरण कमी राहण्याचा धोका अधिक असतो, म्हणून समुद्राचे रूप घेतलेली इमारत समुद्राकाठीच सर्वांत आधी झिजू शकते. किनाऱ्यावर बांधणाऱ्याने चित्रातील वक्रापेक्षा या आवरणाच्या जाडीकडे, काँक्रीटच्या घट्टपणाकडे आणि पावसाचे पाणी साचू न देणाऱ्या उतारांकडे अधिक लक्ष दिले पाहिजे, आणि नव्या प्रकल्पांच्या चकचकीत चित्रांत नेमक्या याच गोष्टी दिसत नाहीत.

अलीकडच्या काळातील सर्वांत आशादायक काम कोणत्याही इमारतीच्या रूपात नसून पाण्यात आहे. न्यूयॉर्कमध्ये एके काळी समुद्रतळावर कालवांचे विस्तीर्ण थर होते. प्रदूषण आणि उपसा यांमुळे ते नष्ट झाले. भूदृश्य-वास्तुकार केट ऑर्फ यांनी २०१० मध्ये तेथील आधुनिक कला संग्रहालयाच्या प्रदर्शनात असा प्रस्ताव मांडला की शहराच्या संरक्षणासाठी कालवांनाच पुन्हा कामाला लावावे. २०१२ च्या सँडी वादळाने स्टेटन आयलंडच्या टोकावरील टॉटनव्हिल या वस्तीचे मोठे नुकसान केल्यावर या कल्पनेला सरकारी पाठबळ मिळाले, आणि २०२४ पर्यंत तेथे किनाऱ्यापासून काही अंतरावर दगड आणि काँक्रीटच्या आठ लाटरोधक रांगा पूर्ण झाल्या, ज्यांची एकत्रित लांबी सुमारे सातशे मीटर आहे. कोकणात ज्याला धूपप्रतिबंधक बंधारा म्हणतात तो किनाऱ्याला चिकटून उभा असतो आणि लाटेला थोपवून धरतो. या रांगा मात्र पूर अडवण्यासाठी नसून लाटेचा जोर आधीच मोडण्यासाठी आणि वाळू परत साचू देण्यासाठी आहेत. त्यांना समुद्राकडच्या बाजूने दगडी कंगोरे आणि त्यांच्यामध्ये अरुंद वाटा ठेवल्या आहेत, जेणेकरून लहान मासे आणि खेकडे तेथे आसरा घेतील, आणि काँक्रीटच्या ठोकळ्यांचा पृष्ठभाग मुद्दाम खडबडीत केला आहे, कारण कालवांची पिल्ले गुळगुळीत पृष्ठभागावर नीट बसत नाहीत. कोकणच्या खडकांवरून लोखंडी हत्याराने कालवे सोडवणाऱ्या बायकांना ही चिकाटी चांगली ठाऊक आहे: कालव एकदा चिकटले की स्वतःच्याच चुनखडीने खडकाशी जोडले जाते, नवी कालवे जुन्यांच्या कवचावर बसतात, आणि थरावर थर चढत लाटरोधक रांग वर्षागणिक जाड आणि खडबडीत होत जाते.